वहिवाट

साडेअकराची गाडी आज नाही,
चहावाला सांगतो, किटलीवरची नजर न काढता.
माझ्या पिशवीत वच्छीच्या कुकरचं झाकण,
नवी रिंग, नवी शिट्टी,
आणि तिचा निरोप : चार दिवस झाले,
डाळ पातेल्यात शिजतेय. ये.

डांबरानं गेलं तर मोठा वळसा.
बाणगंगेच्या काठानं गेलं तर अडीच कोस.
फोनला विचारलं तर वाटच नाही,
निळी रेघ नदीची, बाकी सगळं फिकट,
कुणी राहतच नसल्यासारखं.

दात्याण्याच्या आम्ही दोघी.
एक वर दिली ओझरला, एक खाली सुकेण्याला.
माझ्या मागच्या दारचं पाणी
रात्रीतून तिच्या मागच्या दारी जातं.
मला मात्र गाडीची वाट बघावी लागते.

दिक्षी मागे पडेपर्यंत गुडघा बोलत होता.
मग गप्प बसला,
नाइलाजानं सोबत आलेल्या पाहुण्यासारखा.

तरवड पिवळा. आघाड्याची कुसळं
साडीच्या काठाला धरून फुकट प्रवास करतायत.
वरून विमान गेलं, कारखान्याचं, चाचणीचं,
आभाळ टराटरा फाडत.
पाण्यातला बगळा हलला नाही,
त्यानं फक्त दुसरा पाय खाली टेकवला.

छाटणी उरकलेल्या बागा.
उघडे ओलांडे, ताठ तारा,
आणि काड्यांना पेस्ट लावणाऱ्या बाया,
निळी बोटं, निळ्या बांगड्या,
एकीच्या कपाळावरही निळा ठिपका,
घाम पुसताना लागलेला.
"कुठं निघाली आक्का उन्हाची?"
"बहिणीकडं. झाकण द्यायला."
सगळ्याजणी हसल्या.
मीही हसले. खरंच होतं ते.

पुढे काटेरी तार.
वाटेच्या छातीवरून आडवी, पाच पदरी,
या खांबापासून थेट नदीत उतरलेली.
ही पुंजाआबांची जमीन. आता नातू बघतो.
आबा बांधावर बसून शाळेच्या पोरींना म्हणायचे,
चालत राहा गं, चालणं थांबलं की वहिवाट मोडते,
मग तलाठी आला तरी सापडत नाही.
आम्हाला वाटायचं, म्हातारा उगाच अडवतो.
आम्हाला पहिली घंटा गाठायची असायची.

तारेपाशी उभी राहिले.
परत फिरावं तर अर्ध्याहून जास्त वाट सरलेली.
मनातल्या मनात नातवाला
दोन-चार ठेवणीतल्या दिल्या.
तेवढ्यात दिसलं :
नदीकडच्या टोकाला, खालच्या दोन तारांना
गोणपाट गुंडाळलेलं, सुतळीनं तीन जागी आवळलेलं.
अलीकडे एक सपाट दगड, पलीकडे एक.
धरायला खांबाच्या बाजूला
सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

गोणपाट जुनं नव्हतं.
सुतळीची गाठ याच आठवड्यातली असावी.

कुणी बांधलं, कुणाला विचारू?
लांब पंपाच्या खोलीशी एक पोरगा
पाठमोरा उभा होता, फोनवर.
वळला नाही. की मी ओलांडेपर्यंत
वळायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं?
सातबाऱ्यावर अडवायचं आणि गोणपाटावर सोडायचं,
एवढी सोय माणूस ठेवतो.
दिलेल्या शिव्या परत घेतल्या.
एक ठेवली. तारेसाठी.

दात्याण्यात थांबले नाही.
आमच्या दारात आता दुसऱ्यांची मोटारसायकल.
हातपंपाला दोनदा हापसलं, पाणी प्याले, निघाले.

मौजे सुकेण्याच्या अलीकडे नदी ओलांडायची जागा.
दगड तेच, मधला एक डुगडुगणारा.
वच्छी इथं पडली होती,
भूमितीची वही पाण्यावरून पुढं पुढं जात होती
आणि ती रडायची सोडून ओरडत होती,
"बघ, माझ्याआधी पोचली!"
कुठं, ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

पाणवेलींनी निम्मं पात्र झाकलंय.
वाससुद्धा येतो, खोटं कशाला बोलू.
तरी एक धोबी पक्षी दगडावर
शेपटी आपटत बसला होता,
कुठून कुठून उडत आलेला.
त्यालाही फोनला विचारावं लागलं नसेल.

कसब्यात शिरले तेव्हा फाटकाशी मालगाडी,
डबे मोजायची सवय गेली नाही,
एक्केचाळीसपर्यंत मोजले, मग चुकले.

वच्छी ओट्याशी. वळून पाहिलं, आधी पायांकडे :
चपलांना चिखल, काठाला कुसळं.
"वाटेनं आलीस?"
"हो."
"आहे अजून?"

मी झाकण तिच्या हातात दिलं.
डाळ चढली. कुसळं काढत आम्ही दोघी
उंबऱ्यावर बसलो, शिट्टी व्हायची वाट बघत.
जाताना, म्हणाली, मी येते तारेपर्यंत.